चियांग माईत तीन महिने, सोबत शाकाहारी आई: सल्ला हवा

मुळ्याची_शेंग | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी, बायको आणि आई (वय ६६, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही) असे तिघं थायलंडच्या उत्तरेला चियांग माईत तीन महिने राहायचं म्हणतोय. बायकोचं काम लॅपटॉपवर चालतं, मी नोकरी सोडून सध्या बिनकामाचा. बेत असा: १५ जानेवारीला जायचं, एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना सोंगक्रानचं (थाई नववर्षाचं) पाणी अंगावर घ्यायचं आणि परत पुण्याला.

निम्मान भागात दोन खोल्यांचं घर बघितलंय, फोटोंवरून. मालकीणबाई जानेवारीचे १८,००० बात (थाई चलन) म्हणतात, पण फेब्रुवारी, मार्च आणि अर्धा एप्रिल एकदम घेतला तर महिना १२,००० ला देते म्हणतात. एवढी सूट कशी, तर म्हणे तेव्हा सीझन नसतो. मला लॉटरी लागल्यासारखं वाटतंय, म्हणूनच विचारतो. कुठे पाणी मुरतंय का? दोन दिवसांत आगाऊ रक्कम पाठवायची आहे.

शिवाय आईचं जेवण, स्कूटर, व्हिसा यावर जे माहीत असेल ते सांगा.

---

सुलूआत्या | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

पैसे पाठवू नकोस. पाणी नाही, धूर मुरतोय.

मी तिथे सहा वर्षं काढली, यजमानांच्या नोकरीपायी. पहिल्या वर्षी मलाही कोणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी अर्धा सरला की उत्तर थायलंडात जाळपोळ सुरू होते ती एप्रिलात पहिले पाऊस पडेपर्यंत. डोंगरउतारावर मका लावतात, बराचसा पशुखाद्यासाठी. कणसं काढली की ताटं पेटवतात. जंगलात पाचोळा जाळला की एक प्रकारच्या अळंब्या चांगल्या येतात अशी समजूत आहे, त्यासाठीही आगी लावतात. म्यानमार आणि लाओसकडून धूर वाहत येतो तो वेगळा. आणि शहर बसलंय डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, म्हणजे परातीत. वरच्या गरम हवेचं झाकण बसलं की सगळं आत कोंडतं. सरकार दरवर्षी जाळबंदी जाहीर करतं, धूर दरवर्षी येतो.

शहराच्या पश्चिमेला दोई सुतेप हा डोंगर आहे, १,६७६ मीटर, सिंहगडापेक्षा कितीतरी उंच आणि अगदी डोक्याशी. मार्चमध्ये आमच्या गॅलरीतून तो दिसायचा बंद व्हायचा. ढगात गेलेला डोंगर निदान कडेनं तरी दिसतो, हा नाहीच. आठवडाभर तिथे डोंगर आहे हे आठवणीनं मानायचं. वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीला सरपणाचा वास. सकाळी गॅलरीत काळे बारीक तुकडे, चुरडले की बोटाला काजळी.

तुझी आई ६६ ची आहे. जानेवारीनंतर तिला तिथे ठेवू नकोस एवढंच मी म्हणेन. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत जा. त्या दिवसांत तिथल्यासारखी हवा शोधून सापडायची नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री स्वेटर लागतो.

---

भटका_बाजीराव | १० ऑक्टोबर, सकाळी ८:०३

धुराचा बागुलबुवा फार करतात बुवा. मी दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पाच दिवस होतो. फिरलो, खाल्लं, आलो. काही झालं नाही. आपण पुण्या-मुंबईचे लोक, फुफ्फुसं कमावलेली आहेत. हॉटेल निम्म्या दरात मिळालं हे वर.

---

सुलूआत्या | १० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

बाजीराव, पाच दिवस आणि पंचावन्न दिवस यांत फरक आहे की नाही? एक दिवसाची एकादशी कोणीही करतं.

---

आकडेमोड | १० ऑक्टोबर, सकाळी ११:४७

एक तांत्रिक मुद्दा. पीएम २.५ ची (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची) चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम मानते, थायलंड ३७.५ (२०२३ पासून, आधी ५० होती) आणि भारत ६०. त्यामुळे भारतीय ॲपवर 'समाधानकारक' वाटणारा दिवस तिथल्या ॲपवर केशरी दिसतो. ॲपवरचा निर्देशांक आणि मायक्रोग्रॅम हे दोन वेगळे आकडे आहेत, त्यांची गल्लत करू नका. नेहमी मायक्रोग्रॅमचाच आकडा बघा, म्हणजे तुलना खरी होते.

चियांग माईत मार्चच्या वाईट दिवसांत हा आकडा शंभराच्या पुढे जातो. २०१९ आणि २०२३ च्या मार्चमध्ये जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत ते काही दिवस पहिल्या क्रमांकावर होतं. बाजीरावांच्या फुफ्फुसांविषयी आदर राखून.

---

मुळ्याची_शेंग | १० ऑक्टोबर, दुपारी १:०५

बाप रे. आगाऊ रक्कम पाठवायची थांबवली. सुलूआत्या, मनापासून आभार. मालकीणबाईंना विचारलं, "धुरामुळे सूट आहे का?" त्यांनी एक हसरी बाहुली पाठवली.

आता नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी असा विचार आहे. म्हणजे तयारीला सहा आठवडे. व्हिसाचं कोणी सांगेल का?

---

कागदी_घोडा | १० ऑक्टोबर, दुपारी ३:३१

मुद्द्याचं तेवढं.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १५ जुलै २०२४ पासून बिनव्हिसा ६० दिवस केले. तिथल्या इमिग्रेशन कचेरीत १,९०० बात भरून आणखी ३० दिवस मागता येतात, द्यायचे की नाही हे समोरच्या साहेबाच्या हातात. हे ६० दिवस कमी करण्याची चर्चा अधूनमधून उठते. तेव्हा इथे मी काय लिहिलंय यावर जाऊ नका, तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाचं पान उघडून बघा.

१ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

वहिनींचं काम. पर्यटक म्हणून जाऊन लॅपटॉप उघडला तर कोणी विचारत नाही, असं लोक सांगतील. मी वकील नाही, पण 'कोणी विचारत नाही' हे उत्तर मला पुरत नाही. परदेशातल्या मालकासाठी दुरून काम करणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा आलाय. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बात दाखवावे लागतात. पुढे वारंवार जायचं असेल तर तो बघा.

आणि टीएम ३०. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत कळवायची जबाबदारी घरमालकाची. मुदतवाढीच्या वेळी त्याची पावती मागतात. 'ते काय असतं?' असं विचारणाऱ्याचं घर घेऊ नका.

औषधांचं: आईच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय अजिबात नको. ई-सिगारेट तिथे बंदी आहे, सामानात सापडली तरी महागात पडते. हिरव्या पानाची पाटी असलेल्या दुकानांतली गांजाची गोड चॉकलेटं भेट म्हणून आणायचा मोह कोणाला होणार असेल तर मुंबई विमानतळावरचे कस्टमवाले तुमची वाट बघतायत.

---

चिंचगूळ | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१०

जेवणाबद्दल मी लिहिते, कारण माझी सासू आणि मी दोघी या अग्निदिव्यातून गेलो आहोत.

पहिली गोष्ट: 'व्हेज' या शब्दावर विसंबू नका. तिथे भाजीत मांस नाही म्हणजे व्हेज, पण त्यात माशाचा रस्सा (नाम प्ला), कालवांचं सॉस आणि कोळंबीची पेस्ट असतेच. मीठ घालावं इतक्या सहज घालतात. 'व्हेज'ऐवजी 'जे' म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, लांबून इंग्रजी १७ सारखं दिसतं. ते चित्र आईंच्या मोबाइलमध्ये ठेवून द्या. 'जे' म्हणजे चिनी बौद्ध पद्धतीचं कडक शाकाहारी: मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. माझ्या सासूबाई चातुर्मास पाळणाऱ्या, त्यांना हे ऐकून भरून आलं. परक्या देशात कोणी न सांगता कांदा-लसूण वगळतं! या लोकांचा 'जे' खाण्याचा नऊ दिवसांचा उत्सवही असतो, आणि चांद्र पंचांगामुळे तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राशीच जुळतो. २०२४ मध्ये दोन्ही एकदमच होते. त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक महिना वेगळ्या वर्षी पडला की मात्र तारखा फाकतात.

पाठ करायची वाक्यं: 'किन जे' (मी जे खाते). 'माय साय नाम प्ला' (माशाचा रस्सा घालू नका). 'माय साय खाय' (अंडं नको). शेवटी बायकांनी 'खा' लावायचं, पुरुषांनी 'ख्राप'. माझा नवरा पहिला आठवडा माझं ऐकून 'खा' म्हणत फिरला. दुकानदारणी फार प्रेमानं वागायच्या त्याच्याशी.

आता कुरडईची गोष्ट. उत्तरेत नाम फ्रिक नूम नावाची चटणी मिळते. हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे निखाऱ्यावर भाजायचे आणि उखळात कुटायचे. म्हणजे आपला खरडाच. सासूबाईंनी वासावरूनच ओळखलं आणि खूश झाल्या. (त्यातही माशाचं काहीतरी असू शकतं, विचारून घ्या.) शेजारी पिशवीत पांढऱ्या-पिवळ्या फुललेल्या कुरडया. हुबेहूब! तोच वेडावाकडा आकार, तोच हलकेपणा. सासूबाईंनी हात घातलाच होता. मी पिशवीवरची अक्षरं भाषांतराच्या ॲपला दाखवली आणि जवळजवळ ओरडलेच. ती तळलेली डुकराची कातडी होती. चटणी आणि 'कॅप मू' ही तिथली ठरलेली जोडी आहे, आपल्या पिठलं-भाकरीसारखी. सासूबाई त्यानंतर दोन दिवस फक्त केळी आणि दही खात होत्या.

खाव सोय, म्हणजे नारळाच्या दुधातल्या पिवळ्या रश्श्यातल्या शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया आणि लिंबू, हा उत्तरेचा खास पदार्थ. मूळचा कोंबडीचा असतो, पण बिनमांसाचा करणारी ठिकाणं जुन्या शहरात आहेत. शेवयांमध्ये अंडं असतं का तेवढं विचारा, बहुधा असतं.

एक स्वयंपाकघर असलेलंच घर घ्या, हा माझा सल्ला. वारोरोत मंडईत (तिथले लोक काद लुआंग म्हणतात, काद म्हणजे बाजार) ताजी हळद, आलं, कोथिंबीर, केळफूल, चिंच, ताडगूळ, डोळ्यांसमोर काढलेलं नारळाचं दूध, सगळं मिळतं. आसपास पंजाबी मंडळींची जुनी कापडाची दुकानं आहेत, तिथे विचारलंत तर तूरडाळ आणि कणीक कुठे मिळते ते कळेल. हिंग मात्र घरून न्या.

साबुदाणाही मिळतो, पण तो आपला नव्हे. आपल्यासारखा रात्री भिजत घातलात तर सकाळी पातेल्यात खळ तयार असते. मी पोस्टर चिकटवले असते त्यावर.

---

भटका_बाजीराव | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४४

आणि साय उआ? मिरची, गवती चहा घातलेलं ते सॉसेज? धाग्यात निदान एकानं तरी मांसाहाराची बाजू घ्या!

---

चिंचगूळ | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५०

घ्या तुम्ही. पेच आईंच्या ताटाचा आहे, तुमच्या नाही.

---

पाटो_पुलावरून | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

स्कूटरचं गोंयकाराला विचारा. आमी भाड्याच्या स्कूटरचे दोन्ही अंग पळयल्यात, देवपी आनी घेवपी. पुढचं मराठीत लिहितो.

गाडी डाव्या बाजूनंच चालते, म्हणून आपला माणूस फाजील आत्मविश्वासानं बसतो. नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, आणि त्यात मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना हे काउंटरवरच बघा. माझ्या मित्राकडे फक्त कारचा शिक्का होता. खंदकाजवळच्या नाक्यावर पोलिसांनी दंड केला तो सोडा, नंतर तो घसरून पडला तेव्हा प्रवास विम्यानं 'लायसन्स नसताना चालवलं' म्हणून हात वर केले. खांद्याचं हाड होतं, बिलाचा आकडा सांगत नाही.

पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नका. रोख अनामत घ्या म्हणा, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ, चाकाच्या रिमसकट, आणि तो दुकानदाराला दिसेल असा काढा. माझ्याकडून एका दुकानानं जुन्याच ओरखड्याचे ३,००० बात मागितले होते. व्हिडिओ दाखवल्यावर ओरखडा आपोआप भरून आला.

जुनं शहर म्हणजे साधारण दीड किलोमीटर बाजूचा चौकोन, भोवती पाण्याचा खंदक. खंदकाच्या आतला रस्ता एका दिशेनं आणि बाहेरचा उलट दिशेनं, दोन्ही एकेरी. वळण चुकलं की पुढच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं. पहिल्या दिवशी मी था फे ही पूर्वेची वेस तीन वेळा पाहिली.

पाई गावाला स्कूटरवर जायचं खूळ घेऊ नका. त्या रस्त्याला ७६२ वळणं आहेत. हा आकडा तिथे टी-शर्टवर छापून विकतात आणि तेच टी-शर्ट घातलेली मंडळी गुडघ्याला पट्ट्या बांधून फिरताना दिसतात.

---

वडापवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

आईसाठी स्कूटर नकोच की. तिथं लाल वडाप असत्यात. नाव सोंगथेव, म्हंजे दोन रांगा. मागं दोन बाकडी समोरासमोर, आपल्या सांगली-इस्लामपूर वडापागत, फकस्त माणसं कोंबत न्हाईत. हात करायचा, खिडकीतनं ठिकाण सांगायचं, मान हलवली तर बसायचं. उतरायचं आलं की छताची घंटी दाबायची, आणि पैसं उतरून ड्रायव्हरच्या खिडकीत. मी गेलतो तवा शहरात माणशी ३० बात होतं. 'कितीला नेणार' म्हणून आधी विचारलं की ते स्पेशल गाडी समजून दोनशे सांगत्यात. न विचारता बसायचं, हीच युक्ती.

नायतर मोबाइलवर ग्रॅबची टॅक्सी मागवा, भाव आधीच दिसतोय.

---

नदीकाठ | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

घर बघताना एक प्रश्न विचारा: 'ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे पाणी कुठवर होतं?' पिंग नदी त्या महिन्याच्या ५ तारखेला नवरात पुलाजवळ ५.३० मीटरवर गेली होती, तिथला आजवरचा उच्चांक. नाइट बझार आणि त्याच्या दक्षिणेकडच्या नदीलगतच्या वस्त्या बुडाल्या. भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती, रंग मारला तरी उमटून येते. तुम्ही हिवाळ्यात जाताय म्हणजे पुराची भीती नाही, पण तळमजल्याच्या खोलीत ओल असते आणि आईंना गुडघे आहेत. निम्मान आणि सान्तितम हे भाग नदीपासून लांब, पण निम्मानवर विमानांचा आवाज. विमानतळ शहराला खेटूनच आहे.

विजेचा दर आधी लिहून घ्या. बरेच मालक सरकारी दराऐवजी स्वतःचा दर लावतात, मी युनिटला ८ बात मोजले. अनामत दोन महिन्यांची, भाडं एक महिन्याचं आगाऊ. फोटोंवरून तीन महिन्यांचा करार करू नका. पहिले चार दिवस साध्या गेस्ट हाउसात उतरा आणि पायी फिरून घर शोधा. पाट्या लागलेल्या असतात.

---

त्रिपुरवात | १२ ऑक्टोबर, रात्री ८:२६

नोव्हेंबर अखेर म्हणताय ते थोडं अलीकडे ओढता येत असेल तर ओढा. त्यांचा लोय क्राथोंगचा आणि उत्तरेचा यी पेंगचा सण त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं दुमडून केलेली होडी, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि ती नदीत सोडायची. घाटावर दिवे सोडणाऱ्या माणसाला काही समजावून सांगायला लागत नाही. आकाशात कागदी दिवे सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या रात्री विमानांच्या वेळा बदलतात किंवा विमानं रद्द होतात, तेव्हा त्याच संध्याकाळी पोचायचं तिकीट काढू नका. मोठ्या मैदानावरचे तिकीट लावलेले कार्यक्रम महाग असतात. नदीवर जा, फुकट आहे.

अवांतर: वात चेत योत हे देऊळ चुकवू नका. पंधराव्या शतकात तिलोकराज राजानं बोधगयेच्या महाबोधी मंदिरावरून बांधवून घेतलं, वर सात शिखरं. पर्यटक फारसे फिरकत नाहीत. पिंपळाखाली बसून राहावं. आणि आई गणपतीवाल्या असतील तर शहराच्या दक्षिणेला दोई लो भागात गणपतीचं मोठं संग्रहालय आहे, थाई लोक गणपतीला फ्रा फिकनेत म्हणतात.

---

सुलूआत्या | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०१

दोई सुतेपच्या देवळाला नागाच्या कठड्याचा तीनशेवर पायऱ्यांचा जिना आहे, पण बाजूनं वर नेणारा पाळणा आहे. आईला त्यात बसव, लाजू नकोस. वर जाणारा घाटरस्ता १९३४-३५ साली ख्रुबा सिविचाय या भिक्षूच्या शब्दाखातर हजारो लोकांनी श्रमदानानं काही महिन्यांत बांधला. पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे, ड्रायव्हर जाताना हात जोडतात. मला दर वेळी आपल्या गाडगेबाबांची आठवण यायची.

देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पाय बुद्धाकडे करून बसायचं नाही, आणि बाईमाणसानं भिक्षूला स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर त्याच्यासमोर ठेवायचं. वात चेदी लुआंगच्या आवारात शहराचा स्तंभ आहे त्या मंडपात बायकांना प्रवेश नाही. तशी पाटी आहे. मी चडफडत बाहेर उभी राहायचे.

राजघराण्यावर विनोद नको, फोनवर मराठीतही नको.

---

मुळ्याची_शेंग | १४ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ठरलं! २४ नोव्हेंबर ते १९ फेब्रुवारी. ८८ दिवस, म्हणजे ६० अधिक मुदतवाढ. त्रिपुरी पौर्णिमा हुकली, नाइलाज. बँकॉकपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची शयनयान गाडी, आईला आगगाडी आवडते म्हणून. साडेसातशे किलोमीटर, बारा-तेरा तास. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे.

---

मुळ्याची_शेंग | २१ डिसेंबर, रात्री १०:१२

धागा वर काढतोय. महिना झाला इथे.

घर सान्तितममध्ये मिळालं, चौथ्या दिवशी, पायी फिरून. १३,००० बात, वीज ७ नं. मालकानं टीएम ३० ची पावती दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर पाठवली, तेव्हा मी कागदी_घोडा यांना मनातल्या मनात दंडवत घातला. पिण्याचं पाणी गल्लीतल्या यंत्रातून, एक बात टाकला की साधारण लिटरभर. आईनं पुण्याहून आणलेली कळशी लावली तर बघायला दोन मुलं थांबली.

रविवारी जुन्या शहरात रात्छदामनोएन रस्त्यावर बाजार भरतो. आम्ही पाचलाच गेलो. तोबा गर्दी, आई एका बाईकडून कागदी फुलं घेत होती. सहा वाजले आणि लाउडस्पीकरवर काहीतरी सुरू झालं. आजूबाजूचे सगळे जागच्या जागी थांबले. तव्यावर उलथनं धरलेला माणूस तसाच. आई घाबरून म्हणाली, "काय रे झालं?" राष्ट्रगीत होतं. संपलं आणि उलथनं परत चालू. हे कोणीच लिहिलं नव्हतं म्हणून लिहितोय: सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, थांबायचं.

साबुदाण्याची खळ झाली. चिंचगूळताई, तुम्ही सांगितलं होतंत, आईला मीही सांगितलं होतं. "मला शिकवू नकोस" हे उत्तर मिळालं.

---

चिंचगूळ | २१ डिसेंबर, रात्री १०:४०

त्या खळीत नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून खीर करा. उपासाला चालते, आणि सांगायची गरज नाही की चुकून झाली.

---

मुळ्याची_शेंग | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:३५

सुलूआत्या, आज सकाळी गॅलरीतून दोई सुतेप दिसला नाही.

परवापर्यंत देवळाचा सोनेरी ठिपका दिसत होता, काल नुसती कड, आज काही नाही. मायक्रोग्रॅमचा आकडा ६४. बाहेर शेकोटीसारखा वास. आईनं सकाळचा फेरफटका आपणहून बंद केला. परवाच्या गाडीनं निघतोय, वेळेत.

आमच्याच मजल्यावर काल एक जोडपं राहायला आलं, सूट मिळाली म्हणून फार आनंदात. मास्क दिले चार, आमचे उरलेले.

एक शेवटचा प्रश्न. आईची मंडईतल्या मिरचीवालीशी दोस्ती झाली आहे, दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलतात. तिच्याकडून आईनं काळ्या दगडाचा खलबत्ता घेतला. तीन महिन्यांत घेतलेली एवढी एकच वस्तू, सोडून यायला तयार नाही. विमानात नेता येतो का?

---

सुलूआत्या | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:५२

हँडबॅगेत नको, बत्ता काढून घेतील. चेक-इनच्या बॅगेत, मधोमध, साड्यांत गुंडाळून. वजन आधी करून घे, माझा साडेचार किलो भरला होता.